धानाचे तूस आणि रंगाऱ्याचे पाणी



गोंदियाच्या कुठल्याही राईस मिलच्या मागच्या अंगाला जाऊन पाहा. पिवळसर तुसाचा ढीग तिथे दिसेलच. शंभर किलो धान भरडले की वीसेक किलो तूस निघते. काही बॉयलरच्या पोटात जाते, काही विटांच्या भट्टीला. ढोरेसुद्धा त्याला फारसे तोंड लावीत नाहीत, कारण त्यात वाळूच्या जातीचा सिलिका भरलेला असतो. अशा या तुसाची गाठ रंगाऱ्याच्या सांडपाण्याशी कशी पडली, ते आज सांगायचे आहे.

आधी रंगाची हकीकत. आपल्या पणजोबांच्या काळी कापड रंगत असे ते झाडामुळांनी. आलाच्या मुळीचा लाल, निळीचा निळा, कुसुंब्याच्या फुलांचा गुलाबी. त्या वेळी रंगाऱ्याचे पाणी अगदी गंगाजळ होते, असे समजू नका. तुरटी आणि इतर खार त्यातही असत. पण रंग थोडा, रंगारी थोडे, आणि ओढा मोठा.

1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा डांबरातल्या द्रव्यापासून हिवतापाचे क्विनाइन करू पाहात होता. क्विनाइन राहिले बाजूला, हाती आला जांभळा रंग! 1869 पर्यंत कारखान्यात केलेला मंजिष्ठाचा लाल रंग तयार झाला, 1897 साली नीळही बाजारात आली. आल पिकवणाऱ्यांचा धंदा बसला. नवे रंग स्वस्त, भडक आणि पक्के. उन्हाने विटू नये, साबणाने जाऊ नये, म्हणूनच ते घडवलेले. पण कापडावरचा हा गुण पाण्यात दुर्गुण ठरतो. जो रंग उन्हाला दाद देत नाही, तो ओढ्यातल्या सूक्ष्म जंतूंना तरी कशी देणार? पाणी रंगीत झाले की ऊन तळापर्यंत पोचत नाही, पाण्यातली वनस्पती खुंटते आणि तिच्यावर जगणाऱ्या मासळीचेही हाल होतात. तलावांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे जास्त फोड करून सांगायला नको.

आता उपायाची हकीकत. गढूळ पाणी निवळीच्या बियांनी निवळते, हे सुश्रुतसंहितेतही आले आहे. पण गढूळपणा वेगळा, विरघळलेला रंग वेगळा. रंग कोळशाने जातो, हे 1785 साली रशियात टोबियास लोविट्झ या औषधे करणाऱ्या माणसाच्या ध्यानात आले. पुढे युरोपातले साखर कारखानदार हाडांच्या कोळशातून रस गाळून पांढरी साखर करू लागले. 1915 साली पहिल्या महायुद्धात विषारी वायू सुटला, तेव्हा सैनिकांच्या मुखवट्यांत कोळसाच भरला गेला. त्यासाठी अमेरिकेत घराघरांतून फळांच्या कोयी गोळा करीत! टाकाऊ अन्नाची किंमत तेव्हा कळली.

हे घडते कसे? शेतातून येताना धोतराला कुसळे चिकटतात ना, तसे. रंगाचे कण कोळशाच्या अंगाला चिकटून राहतात. याला अधिशोषण म्हणतात. अंग जितके खडबडीत आणि छिद्रांचे, तितकी चिकटायला जागा जास्त.

पण कारखान्यात केलेला कोळसा महाग. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी उसाची चिपाडे, केळीचा गाभा, संत्र्याची साल आणि धानाचे तूस वापरून पाहिले. कोइमतूरच्या भारतीयार विद्यापीठातले संत्र्याच्या सालीवरचे काम 1996 साली प्रसिद्ध झाले. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्राने तुसाच्या राखेचा पाणी गाळण्यासाठी उपयोग केला. 2009 साली बाजारात आलेल्या टाटा स्वच्छ गाळणीत हीच राख होती. ते काम पिण्याच्या पाण्याचे, रंगाचे नव्हे. पण वस्तू आपल्याच गिरणीतली.

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. तूस बारीक कुटा आणि चांगले धुऊन घ्या, नाहीतर त्याचाच तपकिरी रंग पाण्यात उतरतो. एका बाटलीत पाणी घेऊन जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाचा एक थेंब टाका, दुसरीत निळी शाई. दोहोंत मूठमूठ तूस घालून अर्धा तास हलवा आणि फडक्याने गाळा. जांभळे पाणी बरेच उजळेल, शाईचे मात्र फारसे नाही. कारण तुसाच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. जांभळ्या औषधाचा धन, म्हणून ते ओढले जाते. शाईच्या रंगाचा ऋण, म्हणून तो दूर राहतो. तूस जाळून काळा कोळसा केला तर शाईही थोडीफार धरली जाते. यातले पाणी कुणी पिऊ मात्र नये.

मला विचाराल तर खरी अडचण इथेच आहे. सुती कापडाचे आजचे पुष्कळसे रंग शाईच्या जातीचे आहेत. शिवाय रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून तुसात जातो. ते रंगलेले तूस पुन्हा ओढ्याकाठीच टाकले तर पहिल्या पावसात काय होईल, तुम्हीच सांगा. आणि तूस फुकटचे असले तरी ते वाहून न्यायला गाडी लागते, टाकी लागते, माणूस लागतो.

हा खर्च कुणी करायचा, यावरच गाडे अडते. तामिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाऱ्यांचे पाणी नोय्यल नदीत जाई. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी दाद मागितली, आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगशाळा बंद करायला लावल्या. शेतकऱ्याचे म्हणणे खरेच होते; पण ज्या मजुराची रोजी त्या दिवशी बुडाली, त्याने काय करायचे? आपल्याकडे इचलकरंजीला पंचगंगेच्या काठी हाच वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. मोठा कारखानदार यंत्रे बसवतो. दोन हंडे चुलीवर ठेवून सूत रंगवणाऱ्याला ते जमत नाही. त्याच्या हंड्याशेजारी धुतलेल्या तुसाचे एक पिंप ठेवता येईल, आणि भरलेले तूस गोळा करून बंदिस्त भट्टीत जाळायची सोय गावाला मिळून करता येईल.