विश्लेषण: लेखक वर्गात घडतो का? ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’ कसं चालतं?

कथा-कविता लिहायला शिकवता येतं का, हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमच सुरू केला. ‘आयोवा रायटर्स वर्कशॉप’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. फ्लॅनरी ओ’कॉनर, जॉन अर्व्हिंग आणि सँड्रा सिस्नेरॉस हे इथले विद्यार्थी. कोलकात्यात जन्मलेल्या भारती मुखर्जी आणि मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर-लेखक अब्राहम व्हर्गीस यांनीही इथूनच पदवी घेतली. असा अभ्यासक्रम चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

सुरुवात कशी झाली?

पाया १९२२ मध्येच घातला गेला होता. पदव्युत्तर पदवीसाठी संशोधन प्रबंधाऐवजी कवितासंग्रह किंवा कादंबरीसारखं सर्जनशील लेखनही चालेल, असा निर्णय आयोवा विद्यापीठाने त्या वर्षी जाहीर केला. पुढे विल्बर श्रॅम वर्कशॉपचे पहिले संचालक झाले. १९४१ मध्ये कवी पॉल एंगल यांनी सूत्रं हाती घेतली आणि १९६५ पर्यंत ती सांभाळली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीवर शिकायला आलेल्या माजी सैनिकांमुळे विद्यार्थ्यांची संख्या वाढली. तेव्हा नदीकाठच्या लष्करी पद्धतीच्या पत्र्याच्या बराकींमध्ये वर्ग भरत.

वर्गात काय होतं?

अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून शेवटी मास्टर ऑफ फाइन आर्ट्स म्हणजे एमएफए ही पदवी मिळते. कथात्म लेखन आणि कविता असे दोन विभाग आहेत. प्रत्येक विभागात दरवर्षी साधारण २५ जणांनाच प्रवेश मिळतो. निवडीत सर्वाधिक वजन असतं ते अर्जासोबत पाठवलेल्या लेखनाच्या नमुन्याला.

वर्गात पाठ्यपुस्तकाला फारसं स्थान नाही. एका विद्यार्थ्याची कथा सगळे आधी वाचून येतात आणि मग टेबलाभोवती बसून तिच्यावर चर्चा करतात. पारंपरिक नियम असा, की चर्चा सुरू असताना लेखकाने गप्प बसायचं. छापलेल्या कथेसोबत लेखक वाचकाच्या घरी खुलासा द्यायला जात नाही, हा त्यामागचा विचार.

मग शिक्षक काय शिकवतो?

प्रतिभा शिकवता येते, असा दावा खुद्द वर्कशॉपही करत नाही. चित्रकला किंवा व्हायोलिन जसं शिकता येतं, तसं लेखनही शिकता येतं, पण उत्तम लेखनाची हमी कोणतंही प्रशिक्षण देऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका आहे.

त्यामुळे शिक्षकाचं काम बरंचसं संपादकासारखं असतं. कथा नेमकी कुठे सुरू होते, कोणतं पात्र फक्त सोयीसाठी आणलंय, कुठे लेखक वाचकावर विश्वास टाकत नाही, हे दाखवून द्यायचं. त्याच वेळी वर्गातल्या दहा-बारा मतांखाली लिहिणाऱ्याचा स्वतःचा सूर दबणार नाही, हेही बघायचं. यात कडक राहावं की सौम्य, याचं एकच उत्तर नाही. १९८७ ते २००५ या काळात संचालक असलेले फ्रँक कॉनरॉय त्यांच्या परखड चिकित्सेसाठी ओळखले जात.

संचालकाच्या वाट्याला काय येतं?

प्रवेशाचे अर्ज, शिक्षकांच्या नेमणुका आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पैसा उभा करणं. एंगल यांनी उद्योगपती आणि संस्थांकडून सातत्याने देणग्या मिळवल्या. विद्यार्थ्याला दोन वर्षं लिहायची मोकळीक द्यायची, तर त्याच्या खोलीभाड्याचा आणि जेवणाचा प्रश्न सुटावा लागतो. शिष्यवृत्ती किंवा पदवीच्या वर्गांना शिकवण्याच्या बदल्यात मानधन, हे त्याचे नेहमीचे मार्ग.

पैशाचं वाटप मात्र नाजूक असतं. ‘चांगल्या’ विद्यार्थ्याला जास्त रक्कम दिली, की वर्गमित्र स्पर्धक होतात. आयोवात अशी चढाओढ पूर्वी होती. २००६ पासून संचालक असलेल्या लॅन समांथा चँग यांनी आर्थिक मदत वाढवण्यावर भर दिला. चँग या पदावर आलेल्या पहिल्या महिला आणि पहिल्या आशियाई-अमेरिकन व्यक्ती. त्या स्वतः कादंबरीकार आणि याच वर्कशॉपच्या माजी विद्यार्थिनी आहेत.

लेखकांनाही या नोकरीचा आधार मिळतो. कर्ट व्होनेगट १९६५ मध्ये आयोवात शिकवायला आले, तेव्हा त्यांना मोठी प्रसिद्धी मिळालेली नव्हती. ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’वर ते इथे असतानाही काम करत होते. ती कादंबरी १९६९ मध्ये आली.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप साचेबद्धतेचा: सगळे एकाच पद्धतीचं, नीटनेटकं लिहू लागतात. दुसरा अधिक गंभीर आहे. वर्गात बहुसंख्य एकाच सामाजिक थरातले असतील, तर वेगळ्या घरातून आलेल्याचं जगणंच ‘चूक’ ठरू शकतं. शिकागोतल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात वाढलेल्या सिस्नेरॉस यांनी आयोवात वाटलेल्या परकेपणाबद्दल सांगितलं आहे. याच परकेपणातून त्यांना स्वतःचा विषय सापडला. जुनो डियाझ यांनी २०१४ मध्ये एमएफए वर्गांमधल्या गोऱ्या वर्चस्वावर टीका केली. मॅथ्यू सॅलेसिस यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात लेखकाने गप्प बसण्याच्या नियमालाच आव्हान दिलं. अनेक शिक्षक आता लेखकालाच आधी प्रश्न मांडू देतात.

मराठीशी काय संबंध?

एंगल आणि चिनी लेखिका हुआलिंग न्ये यांनी १९६७ मध्ये आयोवातच ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम’ सुरू केला. कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये याच कार्यक्रमासाठी आयोवाला गेले होते. मात्र दोन्हींची गल्लत होऊ नये. वर्कशॉपमध्ये विद्यार्थी पदवीसाठी येतात, तर या कार्यक्रमात जगभरातले आधीच नाव झालेले लेखक काही काळ राहायला येतात.

पदवीचा उपयोग काय?

एमएफए असल्यास अमेरिकेत महाविद्यालयात लेखन शिकवता येतं, पण अशा कायम नोकऱ्या मोजक्याच आहेत. पुस्तक छापलं जाईलच, याचीही खात्री नाही. हातात नक्की पडतात ती दोन वर्षं आणि आपलं लिखाण मन लावून वाचणारी काही माणसं. ती माणसं नीट निवडणं आणि त्या दोन वर्षांचा खर्च भागवणं, हे अभ्यासक्रम चालवणाऱ्याचं खरं काम.