महानुभावांची सकळ लिपि : गुप्तता आणि विश्वास

महानुभाव पंथाच्या जुन्या पोथ्या चाळणारास पहिली अडचण येते ती भाषेची नव्हे, अक्षरांची. कांहीं अक्षरें ओळखीचीं भासतात. परंतु त्यांचे नेहमींचे उच्चार जुळवूं गेल्यास अर्थबोध होत नाहीं. हीच सकळ लिपि होय. तिचें कर्तृत्व पंथीय परंपरा रवळोबासाकडे देते. सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, वज्र इत्यादि दुसऱ्याहि सांकेतिक लिपि पंथांत होत्या. पण प्रचार मुख्यतः सकळीचाच.

गूढलेखनाची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत हेरांच्या वार्ता सांकेतिक लिपींनीं पोंचविण्यास सांगितलें आहे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ गणला असून, यशोधराच्या जयमंगला टीकेंत त्याचे कौटिलीय व मूलदेवीय असे प्रकार येतात. मूलदेवीयांत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात : ख-ग, च-ट, त-प, न-म, र-ष, ल-स, य-श इत्यादि. जोडीतील एकाचे जागीं दुसरें लिहावयाचें. स्वरचिन्हें तशींच राहतात. म्हणजे ‘नगर’ याचें ‘मखष’ होतें आणि ‘राम’ याचें ‘षान’. सकळ लिपीचे संकेत निराळे आहेत, परंतु तत्त्व हेंच : अक्षरास अक्षर.

येथें विचारी वाचकास एक शंका यावी. चक्रधरस्वामींच्या पश्चात् नागदेवाचार्यांनीं केसोबासास संस्कृतांत लिहूं दिलें नाहीं. तसें केल्यास आपल्या म्हाताऱ्या नाडल्या जातील, असें त्यांचें म्हणणें स्मृतिस्थळांत नोंदलें आहे. लोकभाषेसाठीं एवढा आग्रह धरणाऱ्या पंथानें तीच मराठी कुलपांत कां घातली ? आमच्या मतें हा विरोध वरवरचा आहे. म्हाताऱ्या पंथाच्या आंतल्या होत्या. त्यांना गुरुमुखानें सर्व मोकळें होतें. कुलूप होतें तें बाहेरच्यांसाठीं. पवित्र वचनांची विटंबना होऊं नये व त्यांत परकी भर पडूं नये, हे हेतु सामान्यतः सांगितले जातात, आणि ते आम्हांस सयुक्तिक वाटतात.

परंतु हें कुलूप कितपत मजबूत ? अक्षरास अक्षर योजणारी लिपि फोडण्याची युक्ति बगदादच्या अल्-किंदीनें नवव्या शतकांतच लिहून ठेविली होती : कोणतें चिन्ह किती वेळां येतें हें मोजावें, आणि भाषेंतील अक्षरांच्या प्रमाणाशीं ताडून पाहावें. पुढें इ. स. 1883 त ऑगस्त केर्कहॉफ्स यानें नियम सांगितला कीं, लेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त राहिली पाहिजे, आणि ती सहज बदलतां आली पाहिजे. आजचें गूढलेखनशास्त्रहि याच पायावर उभें आहे. सकळींत पद्धति व किल्ली एकच; आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. शास्त्रदृष्ट्या ती दुर्बळच म्हणावी लागते. तरी शतकानुशतकें ती टिकली, कारण खरें कुलूप अक्षरांत नव्हतें, माणसांत होतें. गुरूनें शिष्यास संकेत द्यावा व शिष्यानें तो राखावा, या शिस्तीवर सर्व भार होता. पंजाबांत, जेथें पंथ जयकृष्णी नांवानें ओळखला जातो, तेथेंहि धर्मग्रंथ मराठीच राहिले.

या गुप्ततेचें मोलहि द्यावें लागलें. जें दिसत नाहीं त्याविषयीं लोक वाईटच तर्क करतात. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण त्या संशयाची साक्ष होय. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे यांनीं सकळीचा उलगडा केला; वि. ल. भावे यांनीं महंतांशीं स्नेह जोडून ग्रंथ प्रकाशांत आणण्यास हातभार लाविला. पुढें ह. ना. नेने यांनीं व इ. स. 1978 त वि. भि. कोलते यांनीं लीळाचरित्र संपादिलें. तेराव्या शतकांतील मराठी गद्याचें हें भांडार उघडल्यावर पुष्कळ गैरसमज निराधार ठरले. म्हणजे ज्या गुप्ततेनें ग्रंथ राखला तिनेंच पंथाची कीर्ति झांकली.

संग्राहकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. सकळींतील संशयित पाठ सुधारतांना तो शब्द प्रथम पुनः सकळींत लिहून पाहावा. लेखकाचा हात चुकतो तो समोरच्या चिन्हांच्या साम्यामुळें. नागरींत परस्परांसारखीं दिसणारीं अक्षरें तेथें सारखीं असतीलच असें नाहीं. म्हणून केवळ नागरी उताऱ्यावरून केलेली दुरुस्ती विश्वसनीय मानूं नये. दुसरें, पोथी वाचतां येणें व ती छापण्याचा अधिकार असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. किल्ली हातीं आली म्हणून घर आपलें होत नाहीं. ज्यांनीं ही ठेव इतकी शतकें सांभाळली, त्यांची संमति घेऊनच ती जगापुढें ठेवावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.