चोवीस फ्लॉप्या आणि एक परवाना

लिनक्सचा इतिहास सांगणारे बहुतेक लेख फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत सुरू होतात आणि आजच्या अँड्रॉइड फोनपाशी येऊन थांबतात. मधला एक प्रश्न त्यांत कुणी विचारत नाही: ही वस्तू माणसांच्या हातात पोहोचली कशी? ग्रंथांचा इतिहास लिहिताना आपण छापखाना, कागद, टपालखर्च, पुस्तकविक्रेता या सगळ्यांची दखल घेतो. सॉफ्टवेअर मात्र जणू हवेतून आले, अशा थाटात लिहिले जाते. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. पण गेली काही वर्षे मी जुन्या फ्लॉप्या, सीडी आणि त्यांच्यासोबतची माहितीपत्रके जमवतो आहे, आणि त्यावरून माझे असे मत झाले आहे की मुक्त सॉफ्टवेअरला आकार देण्यात तत्त्वांइतकाच वाटा वाहतुकीच्या खर्चाचा आहे.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने मुक्त आणि फुकट असे दोन्ही अर्थ निघतात, त्यामुळे या चळवळीला सतत खुलासे करावे लागले. मराठीत दोन वेगळे शब्द हाताशी असूनही आपण तोच गोंधळ घालतो, ही गंमतच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८५ च्या सुमारास ते आपला ईमॅक्स हा संपादक टेपवर भरून टपालाने पाठवत आणि त्याचे १५० डॉलर घेत. ज्यांच्याकडे विद्यापीठांचे नेटवर्क होते ते तोच ईमॅक्स काही न देता उतरवून घेऊ शकत. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी टेपचे पैसे द्यायचे. वस्तू मुक्त होती, पोहोचवणे फुकट नव्हते.

लिनस टोरवाल्ड्स यांच्या पहिल्या परवान्यात नेमका हाच भेद नव्हता. जानेवारी १९९१ मध्ये त्यांनी ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला आणि सप्टेंबरमध्ये आपल्या प्रणालीची ०.०१ ही आवृत्ती खुली केली. त्यांना नाव ठेवायचे होते ‘फ्रीक्स’. ज्या फिनिश सर्व्हरवर ती ठेवली गेली तिथे आरी लेम्के यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिले, आणि तेच चिकटले. त्या वेळचा परवाना टोरवाल्ड्स यांनी स्वतः लिहिला होता. प्रत कुणालाही द्या, पण तिच्यासाठी पैसे घेऊ नका, अगदी हाताळणीचा खर्चसुद्धा नाही, अशी त्यात अट होती. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. नेटवर्क नसलेल्या लोकांसाठी कुणी फ्लॉप्या भरून वाटायच्या म्हटल्या तर कोऱ्या फ्लॉपीचे पैसे कुणी सोसायचे? तो खर्च वसूल करू द्या, अशी विनंती लोकांकडून येऊ लागली. जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आवृत्तीसोबत टोरवाल्ड्स यांनी परवाना बदलत असल्याचे जाहीर केले आणि १ फेब्रुवारीपासून स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना लागू केला. आज या निर्णयाला दूरदृष्टी वगैरे म्हटले जाते. मला तो आधी कोऱ्या फ्लॉपीच्या किमतीचा निर्णय वाटतो.

जीपीएलमध्ये प्रत पोहोचवण्याचे शुल्क घ्यायला परवानगी आहे. शिवाय दुसऱ्या आवृत्तीत असे एक कलम आहे की, केवळ तयार प्रोग्रॅम विकायचा असेल, तर मागेल त्याला त्याचा मूळ संहितापाठ देण्याची किमान तीन वर्षे टिकणारी लेखी हमी द्यावी, आणि त्याचे शुल्क प्रत्यक्ष वितरणाच्या खर्चाहून जास्त नसावे. कायद्याच्या या मजकुरात मला टपाल कचेरीतला तराजू दिसतो.

परवाना बदलताच वाहणारे पुढे आले. फेब्रुवारी १९९२ मध्येच मँचेस्टरच्या संगणक केंद्रातल्या ओवेन ल ब्लाँ यांनी मेनूवरून बसवता येणारा संच तयार केला. त्याच वर्षी पीटर मॅकडोनाल्ड यांचा एसएलएस आला. त्यात चुका फार होत्या, पण त्या चुकांवर वैतागूनच दोन मोठी कामे उभी राहिली. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर आले आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन जाहीर केले. अशा संचांना ‘डिस्ट्रिब्यूशन’ म्हणतात, म्हणजे वितरण. वाटपाच्या क्रियेचेच नाव वस्तूला पडले, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती साडेतीन इंची २४ फ्लॉप्यांवर मावत असे. फ्लॉप्यांना अक्षरवार मालिका होत्या: ए मालिकेत मूळ प्रणाली, एन मध्ये नेटवर्क, एक्स मध्ये खिडक्यांचे दृश्यरूप. डॉसमधल्या ‘रॉराइट’ या छोट्या प्रोग्रॅमने आरंभाच्या फ्लॉप्या बनवायच्या, त्यांवरून संगणक सुरू करायचा, ‘एफडिस्क’ने हार्ड डिस्कचे भाग पाडायचे आणि मग एकामागून एक फ्लॉप्या घालत बसायचे. सतराव्या फ्लॉपीवर वाचनदोष निघाला की तेवढी एक पुन्हा भरून आणायची. शेवटी ‘लिलो’ नावाचा प्रोग्रॅम. संगणक सुरू होताना तो आपल्याच नावाची चार अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवतो. दोनच अक्षरे उमटून थांबला, तर बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते त्यावरूनच ओळखायचे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. साध्या डायल-अपचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. या वेगाने ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायची तर लाइन एकदाही न तुटता सहा दिवसांहून अधिक काळ लागेल. दूरध्वनीचे बिल वेगळेच. म्हणजे कागदोपत्री जगभर खुली असलेली ही प्रणाली इथल्या माणसाला व्यवहारात बंदच होती. ते दार उघडले एका मासिकाने. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ साली अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि पुढे काही वर्षे हा रिवाज चालवला. भारतातल्या लिनक्सच्या इतिहासात कंपन्या आणि संस्था यांच्या आधी वृत्तपत्रविक्रेत्याचे नाव लिहायला हवे, असे मी म्हणतो ते यासाठी.

मी तेव्हा एका छापखान्यात अक्षरजुळणी करीत असे. मालकांनी अट घातली होती: जे करायचे ते रात्री करा, सकाळी नऊला पेजमेकर उघडलेच पाहिजे. ती यंत्रे सीडीवरून सुरू होत नसत, म्हणून सीडी असूनही आरंभाची फ्लॉपी लागेच. डॉसचा मजकूर न पुसता हार्ड डिस्कचे दोन भाग करण्यासाठी ‘फिप्स’ नावाचा प्रोग्रॅम सीडीतच होता. त्याआधी डिस्कवरचा विखुरलेला मजकूर एका बाजूला सरकवून घ्यावा लागे. त्या डिस्कवर दोन पुस्तकांचे फर्मे होते, म्हणून आधी त्यांच्या नकला काढल्या. मॉनिटरची आडवी-उभी वारंवारता हाताने लिहून द्यावी लागे, आणि भलता आकडा दिला तर मॉनिटर जळू शकतो असा इशारा माहितीपत्रकात होता. पहाटे पाचच्या सुमारास काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली. नऊला पेजमेकरही उघडले.

उबुंटूची कथा सर्वांना अलीकडची वाटते, पण तीही टपालाचीच आहे. मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये पहिली आवृत्ती काढली आणि मागेल त्याला घरपोच सीडी पाठवण्याची योजना चालवली. टपालखर्चही कंपनीचाच. एप्रिल २०११ मध्ये ती बंद झाली, कारण तोवर बहुतेकांना डाउनलोड परवडू लागले होते. वाहतुकीचा खर्च शून्याकडे गेला तसा वाहणारा दिसेनासा झाला.

आणि त्याच्यासोबत पुरावाही. जुन्या संगणक मासिकांचे बांधीव खंड मी तीन ग्रंथालयांत पाहिले. अंक सगळे आहेत, सीडी एकाही खंडात नाही. एका ठिकाणी उत्तर मिळाले की बाइंडिंगला अडचण होते म्हणून त्या काढून टाकल्या. फ्लॉपीचे चुंबकत्व क्षीण होत जाते, घरी भरलेल्या सीडीचा रंगथर उतरतो. छापील सीडी त्या मानाने टिकतात, पण ओरखडे कुणाला चुकले आहेत? माझ्या संग्रहातल्या अकरा सीडींपैकी आठ पूर्ण वाचता आल्या. त्यांच्या प्रतिमा करून मी दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत. परवान्याने तसे करण्याचा हक्क मला दिलेलाच आहे.

वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी सीडी किंवा फ्लॉप्यांचा डबा असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत जाऊ देऊ नये. कव्हर, चिठ्ठी, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, जे असेल ते सोबत ठेवावे. तबकडी वाचता आली नाही तरी शिक्क्यावरची तारीख वाचता येते.