शिंपल्याचे वय

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी एरंगळच्या किनाऱ्यावर संत बोनाव्हेंचरच्या सणाला आपली कुटुंबे जमतात. मिस्सा आटोपली की मुले वाळूत उतरतात आणि मूठभर शिंपले घेतल्याशिवाय परतत नाहीत. हे चर्च १५७५ सालचे मानले जाते. या किनाऱ्यावर शिंपले वेचणारा माणूस मात्र त्याहून फार जुना आहे.

लेफ्टनंट कमांडर के. आर. यू. टॉड या आरमारी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात कांदिवलीच्या परिसरात अश्मयुगीन हत्यारे शोधून काढली. मुंबईच्या किनारी भागात त्यांना नखाएवढी बारीक दगडी हत्यारेही सापडली. ती वापरणारे लोक मासेमारी व शिकार करून जगत असावेत, असे अभ्यासक मानतात. पुढे स्टेटिरा गझदर यांनी कोकणच्या अश्मयुगाचा सविस्तर अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८० साली प्रसिद्ध केला.

अशा ठिकाणी पहिला प्रश्न उभा राहतो तो काळाचा. दगड केव्हा घडवला गेला हे दगड सहसा सांगत नाही. त्यासाठी एके काळी सजीव असलेली वस्तू लागते. कोळसा, हाड किंवा माणसाने खाऊन टाकलेल्या कालवांची, तिसऱ्यांची कवचे अशा वेळी उपयोगी पडतात. प्रत्येक जीव आपल्या देहात किंचित किरणोत्सर्गी कार्बन साठवतो. जीव गेला की नवी भर थांबते आणि ५,७३० वर्षांत साठा निम्म्यावर येतो. उरलेला साठा मोजून वय काढण्याची ही पद्धत अमेरिकेतील विलर्ड लिबी यांनी १९४९ साली सिद्ध केली. तिच्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अशी प्रयोगशाळा उभी राहिली. देशभरच्या उत्खननांतील नमुन्यांचे वय तिने ठरवले. पुढे हे कार्य अहमदाबादला गेले.

परंतु शिंपला हा सरळ साक्षीदार नव्हे. झाड हवेतून ताजा कार्बन घेते. शिंपल्यातला जीव तो समुद्राच्या पाण्यातून घेतो. सागराच्या तळाशी शतकानुशतके कोंडलेले पाणी वर येऊन मिसळते आणि आपल्याबरोबर जुना कार्बन आणते. त्यामुळे जिवंत शिंपलासुद्धा जन्मतःच सुमारे चारशे वर्षे म्हातारा दिसतो. अरबी समुद्रात हा फरक आणखी वाढतो.

किती वाढतो? अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी साधी युक्ती योजली. ज्यांच्या संकलनाचे साल ठाऊक आहे, असे १९३० ते १९५४ या काळातील सात शिंपले त्यांनी तपासले. अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सर्गी कार्बन बेसुमार वाढला, त्यापूर्वीचेच नमुने हवे होते. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अरबी समुद्रातील शिंपल्यांचे कच्चे वय ४३४ ते ६९३ वर्षे भरले! मिठाच्या सत्याग्रहानंतर वेचलेला शिंपला प्रयोगशाळेत यादवांच्या काळाची साक्ष देऊ लागला. त्यावरून उत्तर अरबी समुद्रासाठी नेहमीच्या चारशे वर्षांखेरीज आणखी सुमारे १६३ वर्षांची दुरुस्ती सुचवण्यात आली.

आता एरंगळकडे वळू. चर्चचा पाया घालणाऱ्या गवंड्याने दुपारी तिसऱ्या खाल्ल्या आणि कवचे तिथेच टाकली, अशी कल्पना करा. दुरुस्ती न करता ती मोजली, तर ती बाराव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे शिलाहारांच्या राजवटीतली ठरतील. जे गाव मुळात तेव्हा नसेलही, ते कागदोपत्री चारशे वर्षे आधी वसेल.

गंमत अशी की, त्याच शिंपल्याचा चुना वेगळी साक्ष देतो. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत. भट्टीत शिंपल्यातला जुना कार्बन वायुरूपाने निघून जातो. भिंतीत चुना घट्ट होताना तो त्या काळच्या हवेतला कार्बन पुन्हा शोषून घेतो. म्हणून जुन्या भिंतीचा चुना समुद्राचे नव्हे, तर बांधकामाचे वय सांगू शकतो. मात्र अर्धवट भाजलेला एखादा तुकडा आत राहिला, तर तोही फसवतो.

आपण या भूमीचे मूळ रहिवासी आहोत, असे आपला समाज अभिमानाने सांगतो. तो अभिमान रास्त आहे. म्हणूनच त्याला उसन्या चारशे वर्षांचा टेकू नको. गावठाणात नव्या इमारतींचे पाये खणताना शिंपल्यांचे थर लागले, तर ते भरावात लोटण्यापूर्वी क्षणभर थांबावे. किती खोलीवर सापडले ते लिहून ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि जाणकारांना बोलवावे. जवळ कोळशाचा तुकडा असेल तर तोही जपावा, कारण दोन साक्षीदार जुळले की सत्य बळकट होते.

शिंपला खोटे बोलत नाही. तो आपले वय समुद्राच्या पंचांगाप्रमाणे सांगतो. ते आपल्या पंचांगात मांडून घेण्याचे काम आपले आहे.