घाटांत उकळणारी मोटार

सोलापुराहून तुळजापुरास जाणारा रस्ता सुमारें ४५ किलोमीटरांचा. त्यांतला बहुतेक भाग माळावरून जातो आणि शेवटीं बालाघाटाच्या डोंगरावर चढतो. वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर असतां जुन्या मोटारीची खरी परीक्षा या शेवटच्या चढावर होते. सपाटीवर निमूटपणें धांवणारी गाडी तेथें ओढीनाशी होते, उष्णतेचा कांटा तांबड्या खुणेकडे सरकतो आणि थोड्याच वेळांत बॉनेटखालून वाफ येऊं लागते. गाडी ओढत नाहीं आणि गाडी तापते, हीं दोन गाऱ्हाणीं निरनिराळीं वाटतात. परंतु पुष्कळदां तीं एकाच दोषाचीं दोन रूपें असतात.

असें कां होतें, हें समजण्यास मोटारीचा हिशेब पाहिला पाहिजे. जुन्या मोटारींत पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. बाकीची उष्णता कांहीं धुराबरोबर आणि कांहीं पाण्यावाटे बाहेर जाते. एखाद्या दोषामुळें कामाचा हिस्सा घटला, तर तेवढी उष्णता नाहींशी होत नाहीं; ती सिलिंडरच्या भिंतींत आणि पाण्यांत उतरते. शिवाय चालक ओढ कमी पडली म्हणून अधिक पेट्रोल देतो, आणि आगींत तेल पडतें.

कार्ल बेंझनें १८८६ सालीं जिचें पेटंट घेतलें, त्या तीनचाकी गाडींत पाणी उकळून वाफ होऊन जात असे व वरचेवर नवें पाणी ओतावें लागे. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखनें मधाच्या पोळ्यासारखा, हजारों लहान नळ्यांचा रेडिएटर बनविला, तेव्हां थोड्या पाण्यावर मोठें एंजिन थंड ठेवणें शक्य झालें. १९०८ ते १९२७ या काळांत जगभर खपलेल्या फोर्डच्या 'टी' गाडीला तर, अगदीं पहिल्या कांहीं गाड्या सोडल्यास, पाण्याचा पंपहि नव्हता. तापलेलें पाणी वर चढे, निवालेलें खालीं येई, एवढ्यावर सारें भागे.

त्याच फोर्ड गाडीच्या स्टिअरिंगखालीं दोन दांडे असत. एक पेट्रोलचा, दुसरा ठिणगीचा. पेट्रोलच्या वायूला जळण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडावी लागते. गाडी सुरू करतांना चालक ती उशिरां पाडी, नाहींतर हँडल उलटून हात मोडावयाचा! सुरू झाल्यावर दांडा सरकवून ठिणगी पुन्हा आधीं आणावयाची. हें विसरलें, तर पिस्टन खालीं जात असतांहि वायु जळतच राही. त्याचा रेटा फुकट जाई आणि त्याची आंच सिलिंडरच्या भिंतींना व धुराच्या झडपांना लागे. गाडी धापा टाकी आणि पाणी उकळे. त्या काळच्या चालकाला हा संबंध हातानेंच समजत असे. पुढें हें काम डिस्ट्रिब्यूटर आपोआप करूं लागला. दांडा गेला, आणि त्याच्याबरोबर चालकाचें तें ज्ञानहि गेलें.

सोलापूरचा या इतिहासाशीं संबंध केवळ उन्हापुरता नाहीं. हिंदुस्थानांत मोटारी बनविण्याचा ध्यास घेणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांतच झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून त्यांचा उद्योग वाढला. फोर्डशीं केलेलीं बोलणीं फिसकटलीं, क्रायस्लरशीं करार जमला, पण महायुद्धाच्या काळांत सरकारनें दाद दिली नाहीं. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. गंमत अशी, कीं बोरघाटांतील रेल्वेचे बोगदे खोदणाऱ्या कंपनीचे सूत्रधार वालचंदच होते; आणि पुढें त्यांच्याच कारखान्याच्या मोटारी त्याच घाटाच्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या प्रवाशांनीं पाहिल्या. वालचंद १९५३ सालीं वारले. फियाट ११०० चा सुकाळ त्यांना पाहावयास मिळाला नाहीं.

ही फियाट पुढें पद्मिनी या नांवानें घरोघर ओळखली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचें एंजिन, सुमारें ४० अश्वशक्ति. इटलींत हें रूप १९६० नंतरच्या दशकांतच मागें पडलें; येथें तें शतकाच्या अखेरीपर्यंत टिकलें. एवढ्या शक्तींत पांच माणसें आणि सामान घेऊन घाट चढावयाचा, म्हणजे दोषाला जागाच उरत नाहीं. गाडीच मुळांत घाटाला नालायक, असा तिच्यावर शिक्का बसला. तो बराचसा अन्यायाचा आहे. या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची टांच झिजते, तसें पॉइंटमधील अंतर कमी होतें आणि ठिणगी दिवसेंदिवस उशिरां पडूं लागते. हा बदल इतका सावकाश होतो, कीं रोज गाडी चालविणाऱ्याला तो जाणवत नाहीं. मग उन्हाळा येतो, घाट येतो, आणि दोष रेडिएटरच्या माथीं मारला जातो. नवा रेडिएटर बसतो, पैसे जातात, गाडी तापतेच.

रेडिएटर नेहमीं निर्दोष असतो, असें मात्र नाहीं. दख्खनच्या काळ्या खडकांतलें विहिरीचें पाणी जड असतें. उकळून गेलेलें पाणी क्षार मागें ठेवून जातें, त्याच्या जागीं पुन्हा तसलेंच पाणी ओततात, आणि चहाच्या किटलींत बसतो तसा थर नळ्यांत बसतो. त्यांतच टोपणाची रबरी चकती कुजली असेल, तर पाण्यावरचा दाब राहत नाहीं आणि शंभर अंश गांठण्यापूर्वींच तें उकळूं लागतें; कारण समुद्रसपाटीपासून साडेचारशें मीटर उंचीवर पाणी मुळांतच दीड अंश लवकर उकळतें.

जाणता मिस्त्री म्हणूनच पान्याला हात घालण्यापूर्वीं प्रश्न विचारतो. गाडी केव्हां तापते? बाजारांत रखडतांना तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर पंखा आणि त्याचा पट्टा पाहावा. वेगांत किंवा चढावर तापत असेल, तर प्रथम ठिणगीची वेळ, मग रेडिएटर. प्लग पांढरेफटक निघाले, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल कमी येत असावें; असें विरळ मिश्रण गरम जळतें आणि ओढहि देत नाहीं. सपाटीवर गाडी हातानें सहज ढकलली जात नसेल आणि चाकाचा मध्य तापला असेल, तर ब्रेक धरून राहिले आहेत. थंड एंजिन सुरू करून उघड्या रेडिएटरांत एकसारखे बुडबुडे दिसले, तर हेड गॅसकेट फुटलें आहे व पुढें जाण्यांत अर्थ नाहीं. पाणी उकळत नसतां गाडी आचके देऊन बंद पडली, तर तो प्रकार निराळा: पेट्रोलची नळींतच वाफ झालेली असते. पंपावर ओलें फडकें ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा तोडगा अडाणी वाटला तरी शास्त्रशुद्ध आहे. थर्मोस्टॅट काढून फेंकण्याचा दुसरा लोकप्रिय तोडगा मात्र तसा नाहीं; त्यानें थंडींत एंजिन वेळेवर गरम होत नाहीं आणि अकारण झिजतें.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली. कांहीं हौशी घरांनीं जुन्या फियाटी अजून जपल्या आहेत. त्यांपैकीं एखादी तुळजापूरच्या चढावर उकळली, तर टोपण लगेच उघडूं नये, तापलेल्या एंजिनावर थंड पाणी ओतूं नये. अर्धा-पाऊण तास सावलींत थांबावें, मग एंजिन चालू ठेवून थोडें थोडें पाणी घालावें. आणि घरीं परतल्यावर रेडिएटरआधीं पॉइंट उघडून पाहावेत.