सावेदादांचा कॅमेरा

मंडळी, माहितीपट काढणारा माणूस घडतो कसा, हे आज कुडपणात बसून पाहायचं आहे. त्यासाठी आपण मुंबईच्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांकडे जाऊ. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

त्यांचा मूळ धंदा छायाचित्रणाचा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून सावेदादांनी लंडनहून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला पुन्हा लंडनलाच धाडावी लागली.

१९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले. मुंबईत त्यांचं स्वागत झालं, ते सावेदादांनी टिपलं. परांजपे दापोलीकडच्या मुर्डीचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच! हिंदुस्थानातला पहिला वार्तापट म्हणून या चित्रणाचा उल्लेख होतो. पुढे १९०३ चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला.

आता बघा. एकाच कॅमेऱ्यात गणितात साहेबांच्या पुढे गेलेला कोकणचा मुलगा आहे आणि साहेबांचा दरबारही आहे. कॅमेरा समोरचंच दाखवतो हे खरं, पण तो कुठे उभा करायचा हे माणूस ठरवतो. आमच्या मते माहितीपटाचं तत्त्वज्ञान इथेच सुरू होतं.

पण पोटाचं काय? चित्रणापेक्षा दाखवण्यात मिळकत अधिक होती. सावेदादांनी पुढे कॅमेरा विकला आणि गेईटी नाट्यगृहाचं व्यवस्थापन सांभाळलं. १९५८ साली ते वारले. फाळक्यांचं नाव घराघरात पोचलं, सावेदादांचं पुस्तकात राहिलं. त्यांची चित्रणं आज आपल्याला पाहायला मिळत नाहीत. ती होती हे कळतं, ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

पावसाळ्यात इथे येणारे पाहुणे धबधब्याचे व्हिडिओ काढून निघून जातात. तुमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बोलणं मात्र कोण टिपणार? गावातून मुंबईला कोण कधी गेलं, कुठे राबलं, शेत कुणी राखलं, हे त्यांनाच ठाऊक. मोबाइल तर हातात आहेच. २१ गिनी मोजायला नकोत. फक्त टिपलेल्याखाली नाव, गाव आणि तारीख लिहा. आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा. एवढं केलंत, तर आमचं आजचं येणं सार्थकी लागलं असं आम्ही समजू.