पूल सावरला, गाव राहिलं

आज जाऊया तमिळनाडूच्या टोकाला, रामेश्वरम बेटावर.

1964 सालचा डिसेंबर. 22 तारखेच्या रात्री तिथे चक्रीवादळ धडकलं. बेटाच्या टोकाला धनुष्कोडी नावाचं नांदतं बंदर होतं. रेल्वे स्टेशन, पोस्ट, चर्च, लंकेला जाणाऱ्या बोटीचा धक्का, सगळं एका रात्रीत गेलं. स्टेशनाकडे येणारी पॅसेंजर गाडी लाटांनी प्रवाशांसकट गिळली. बेटाला जोडणारा 1914 सालचा पांबनचा रेल्वेपूलही मोडला. खांब राहिले, पण बहुतेक गर्डर वाहून गेले.

रेल्वेने दुरुस्तीसाठी सहा महिने धरले होते. काम आलं ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरकडे. हो, आपल्या कोकण रेल्वेचे श्रीधरन ते हेच! समुद्रात गेलेले गर्डर वर काढून पुन्हा बसवले आणि 46 दिवसांत पूल सुरू झाला.

हे कौतुक आपण करतो, करायलाच हवं. पण मला प्रश्न पडतो तो धनुष्कोडीचा. सरकारने ते राहायला अयोग्य ठरवलं. रूळ पुन्हा टाकले नाहीत, लंकेची बोट रामेश्वरमहून सुटू लागली. वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर पुन्हा गाव वसवणं धोक्याचंच होतं, हे मान्य. तरी कोळी परतले, कारण त्यांचं पोट तिथल्याच पाण्यावर. टोकापर्यंत पक्का रस्ता पोचला थेट 2017 साली.

पुलाला लागलेले 46 दिवस आपल्याला पाठ आहेत. रस्त्याला लागलेली 53 वर्षं कोण मोजतं?